आ करून फुंकर

मुलांनो, एक मेणबत्ती डोळ्यांसमोर आणा. खरी पेटवू नका, कल्पनेतलीच बरी. वाढदिवसाच्या केकवरची नाजूक रंगीत नव्हे. दिवे गेले की कपाटाच्या वरच्या फळीवरून काढतात ती, पांढरी, अंगठ्याएवढी जाड. ती बशीत उभी आहे आणि तुमच्या तोंडापासून एक वीत लांब आहे. आता ती विझवायची. पण ओठांचा चंबू करायचा नाही. डॉक्टरांना घसा दाखवताना करतो तसा मोठा आ करायचा आणि तोंड तसंच उघडं ठेवून छातीतली हवा एकदम बाहेर सोडायची. करा बघू. 'हाऽऽ' असा आवाज येईल, ज्योत आडवी होईल आणि विझेल. तुमची छाती अजून नवी कोरी आहे, म्हणून विझेल.

आता अशा एका माणसाची कल्पना करा, जो अंगापिंडाने कपाटाएवढा आहे, भरलेली गोणी एका दमात खांद्यावर घेतो, आणि खदखदून हसला की शेजारच्या बिऱ्हाडातलं तान्हं मूल दचकून जागं होतं. आणि त्याला ही एवढीशी ज्योत विझवता येत नाही.

त्याचं नाव श्यामसुंदर. आणि ही गोष्ट त्याच्या मुलीची, सुचित्राची.

तेव्हा वाशी नुकती कुठे वसत होती. खाडीवरचा पूल झाला होता, बस सुरू होत्या, रेल्वे मात्र अजून यायची होती. चार मजली इमारतींच्या रांगा आणि मध्ये गवताची मोकळी जागा, तिथे दुपारी म्हशी चरायच्या. श्यामसुंदर तुर्भ्याच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळायचा. घरात बायको वैजयंती, दहा वर्षांची सुचित्रा आणि वेणूबाई. वेणूबाई ही श्यामसुंदरची मावशी. त्याची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून चिपळूणकडच्या गावी तिनेच त्याला वाढवलं होतं, आणि त्याने वाशीला घर घेतल्यावर तिला आपल्याजवळ आणलं होतं. सुचित्रा तिला मावशीआजी म्हणायची.

श्यामसुंदरच्या बेंबीपाशी एक फुगवटा आला होता, लिंबाएवढा. बोटाने दाबला की तो गुडगुड करत आत जायचा, खोकला आला की पुन्हा बाहेर. त्याला त्याची गंमत वाटायची. सुचित्राला बोलावून तो दाखवायचा, हे बघ गेलं, आणि हे बघ परत आलं. तिलाही हसू यायचं. वैजयंतीला मात्र यायचं नाही. ती म्हणायची, डॉक्टरला दाखवा. तो म्हणायचा, दाखवू, आधी दिवाळीचा बोनस होऊ दे, मग पावसाळा संपू दे, मग आणखी काही.

श्रावणातल्या एका रविवारी तो फुगवटा आत जाईना. श्यामसुंदर जमिनीवर आडवा झाला. चेहरा चुन्यासारखा पांढरा, अंगावर घाम. तो हसला नाही, काही बोललाही नाही, आणि त्यामुळेच सुचित्राला फार भीती वाटली. तिने त्याचा हात धरून ठेवला. बऱ्याच वेळाने आपोआप गुडगुड झालं आणि तो उठून बसला. दुसऱ्या दिवशी वैजयंतीने कोणाचं काही ऐकलं नाही. शाळेला सुट्टी होती, म्हणून सुचित्राही बरोबर इस्पितळात गेली.

तिथल्या सर्जनांनी पोट तपासलं. त्याला हर्निया म्हणतात, त्यांनी सांगितलं. पोटाच्या आतली भिंत एका जागी विरली आहे आणि तिथून आतडं डोकावतंय. ऑपरेशन करून ती जागा शिवून घ्यावी लागेल. काल ते आत गेलं, एखाद्या दिवशी जाणार नाही. तसं झालं तर जिवावर बेतेल, तेव्हा फार टाळू नका. पण लगेचही करता येणार नाही. का, ते सांगायला त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांचं नाव सुनीतीबाई. बुटक्या, चष्मा लावलेल्या, आणि मुलाकडे बघताना खाली वाकून बघणाऱ्या.

सुनीतीबाईंनी विचारलं, सिगारेट किती ओढता?

श्यामसुंदर म्हणाला, थोडीफार.

"थोडी घरी आणि फार कारखान्यात," वैजयंती म्हणाली.

बाईंनी खणातून मेणबत्ती काढली, पेटवली आणि टेबलावर ठेवली. तुम्ही मघाशी केलंत तेच त्यांनी श्यामसुंदरला करायला सांगितलं. वीतभर अंतरावरून ज्योत नुसती हलली. त्यांनी मेणबत्ती जवळ आणली. आणखी जवळ आणली. नाकापासून चार बोटांवर आली तरी ज्योत आपली उभी. श्यामसुंदर आधी हसला, मग त्याला खोकल्याची उबळ आली, आणि खोकताना शर्टाच्या आतून तो फुगवटा वर आलेला सगळ्यांना दिसला. त्याने तो हळूच हाताने दाबून धरला.

"तुम्ही गोदामात आहात ना?" बाईंनी विचारलं. "गळ्यापर्यंत भरलेली गोणी शिवता येते?"

"नाही येत. टाके उसवतात. थोडा माल काढून मग शिवायची."

"आणि शिवलेल्या गोणीला आतून कोणी लाथा मारत राहिलं तर?"

श्यामसुंदरने फुगवट्यावरचा हात जरा घट्ट दाबला.

"तुमचं वजन म्हणजे तो माल. आणि हा खोकला म्हणजे लाथा. मी भूल दिली की तुमच्या छातीतला सगळा धूर जागा होणार. तुम्ही टेबलावर खोकणार, उठल्यावर खोकणार, आणि सर्जनांनी घातलेले टाके उसवणार. म्हणून आधी दोन्ही कमी करा. वजन जमेल तेवढं. सिगारेट मात्र पूर्ण बंद."

श्यामसुंदरला गंभीर गोष्टीत थट्टा आणल्याशिवाय राहवायचं नाही. तो म्हणाला, "बाई, त्यापेक्षा पोटच कापून लहान करा की. खाणंही कमी होईल आणि भोकही बुजेल."

"परदेशात करतात म्हणे तसलं ऑपरेशन," बाई म्हणाल्या. "पण तिथेही भूल देणारं कोणीतरी असेल ना? तेही आधी तुम्हाला सिगारेटच विचारणार."

दसऱ्यानंतर या, असं ठरलं. तोवर एकही सिगारेट नाही. वीतभर अंतरावरची ज्योत उघड्या तोंडाने विझली, तरच बाई भूल देणार. मग त्यांनी मेणबत्ती विझवली, कागदात गुंडाळली आणि सुचित्राच्या हातात दिली. रोज दिवेलागणीला बाबांची परीक्षा तू घ्यायची, त्या म्हणाल्या. श्यामसुंदरने लगेच विचारलं, वीत कोणाची, हिची चालेल ना? बाईंनी आपली वीत सुचित्राच्या हातावर ठेवून बघितली. कोपरापासून मनगटापर्यंत बरोबर बसली. "हे माप," त्या म्हणाल्या. "हात घरी विसरता येत नाही, म्हणून हे बरं."

त्या संध्याकाळी श्यामसुंदरने खिशातलं पाकीट काढलं, राहिलेल्या सिगारेटी एकेक करून मोडल्या आणि मोरीत टाकल्या. सुचित्राने खडूने बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर एक रेघ मारली. बाबांनी त्या रेघेशी हनुवटी टेकवून पालथं पडायचं, आणि समोर बशीत मेणबत्ती. पालथं पडल्यावर पोट दुखतं असं ते म्हणाल्यावर तिने बशी पाटावर ठेवली आणि त्यांना मांडी घालून, हनुवटी रेघेवर येईल इतकं पुढे वाकून बसू दिलं. मास्तर चांगला असला की विद्यार्थ्याची सोयही बघतो.

पहिले काही दिवस वाईट गेले. श्यामसुंदरचा हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा. वैजयंतीने खिशात बडीशेपेची पुडी ठेवली, ती तो दुपारपर्यंत संपवायचा. मग शेंगदाणे. मग कारखान्याच्या दारातले बटाटेवडे. गोदामातल्या काट्यावर हमाल त्याला उभं करायचे, आणि पहिल्याच आठवड्यात काटा खाली जायच्या ऐवजी वर गेला. हमाल म्हणाले, साहेब, धूर हलका होता, वडा जड आहे. त्यानंतर वैजयंतीने ताट हातात घेतलं. भाकरी मोजकी, भात एकदाच, आणि मधल्या भुकेला काकडी. संध्याकाळी सुचित्रा त्याला खाडीकडे चालायला न्यायची. बांधावरून जाताना तो धापा टाकायचा, तिथे बसलेल्या बगळ्यांना नावं ठेवायचा, आणि घरी आल्यावर पाटासमोर बसून आ करायचा.

आणि फरक पडू लागला. आधी चार बोटांवरची ज्योत विझली. मग सहा. सुचित्रा रोज पाट थोडा मागे सरकवायची आणि जिथे विझली तिथे खडूची खूण करायची. गौरी-गणपतीत घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा सगळ्यांसमोर श्यामसुंदरने ज्योत विझवून दाखवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेघेपाशी कोपर टेकवलं तर खूण आता तिच्या मनगटाच्या अगदी जवळ येत होती. दोन बोटं राहिली होती, फार तर.

त्यानंतर मात्र ती खूण हलेना.

आता मला तुम्हाला मशेरीबद्दल सांगायला हवं, कारण तुमच्यातल्या कित्येकांनी ती पाहिलीही नसेल. कोकणात, आणि खाडीकाठच्या गावांतही, पुष्कळ बायका मशेरीने दात घासायच्या. काळी पावडर, डबीत भरून ठेवलेली. सकाळी उठल्यावर बोटाने दातांना लावायची, मग दुपारी, मग संध्याकाळी. वेणूबाईचं मशेरीवाचून चालत नसे. ती घरीच करायची. पानाची तंबाखू आणायची, जुन्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर काळी होईपर्यंत भाजायची आणि तळहातावर चुरायची. त्या तव्यावर दुसरं काही करायचं नाही. भाजताना धूर असा उठतो की डोळ्यांना धार लागते आणि जवळ उभं राहणाऱ्याला ठसका बसतो.

गणपती उरकल्यावर एका संध्याकाळी वेणूबाई मशेरी भाजायला बसली होती. तिचे गुडघे दुखत होते. श्यामसुंदर म्हणाला, मावशी, ऊठ, मी भाजतो. तिला भरून आलं. लहानपणी कडेवर घेतलेला पोर, आता मावशीचे गुडघे बघतो. पुढच्या खेपेलाही त्यानेच भाजली. धूर घरभर होतो म्हणून तो स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचा. वरच्या मजल्यावरच्या यशोदाबाईंना हे कळलं. त्यांनी आपली तंबाखू पाठवली. करावे गावाहून मासळीची पाटी घेऊन येणारी केशरबाई होती, तीच या सगळ्यांना तंबाखूची पानं आणून द्यायची. तिने श्यामसुंदरच्या हातची मशेरी बोटाला लावून बघितली आणि दारातच फतकल मारली.

"भाऊ, तुजे हातची लय चांगली हाय," ती म्हणाली. "माजी सून जाळून कोलसा करते. मना बी भाजून दे."

वैजयंतीने विचारलं, अहो, तुम्ही आता दुकानच टाकणार का? तेव्हा यशोदाबाई तिला म्हणाल्या, नशीब समज, आमच्या घरचा पुरुष पाण्याचा तांब्याही उचलत नाही. वैजयंतीलाही मग जरा अभिमान वाटू लागला. हळूहळू जवळजवळ रोज संध्याकाळी, चालून आल्यावर आणि परीक्षेच्या आधी, स्वयंपाकघराचं दार बंद होऊ लागलं.

मुलांनो, तुम्ही हसाल. म्हणाल, एवढं साधं कोणाला कळलं नाही? पण त्या घरात तंबाखू म्हणजे सिगारेट, विडी, पानातली पूड. मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू. ती वेगळ्या फळीवर, वेगळ्या नावाने राहायची. रोज नाकासमोर असलेली वस्तू काय आहे, हे विचारायचं कोणाच्या मनात येत नाही.

खूण हलत नाही म्हणताना वैजयंतीला संशय आला. तिने त्याचा शर्ट हुंगला. शर्टाला वास होता. तिने खिसे उलटे केले, कारखान्याच्या डब्याची पिशवी झटकली, गच्चीवर जाऊन टाकीच्या मागे बघून आली. काही सापडलं नाही, पण वास तर होता. संध्याकाळी तिने त्याला सरळ विचारलं. श्यामसुंदरचा चेहरा पडला.

"वास मशेरीचा असेल," वेणूबाई म्हणाली. "उगाच पोराला बोलू नकोस. माझ्यासाठी धुरात बसतो तो."

"तो वास मला कळतो मावशी. पण मग छाती का सुधारत नाही?"

श्यामसुंदरने सुचित्राला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. त्या दिवसापासून सिगारेटला शिवलो नाही."

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, पुन्हा पोरीची शपथ घेऊ नका, माझा विश्वास आहे. विषय मिटला. सुचित्राच्या डोक्यावर मात्र तो हात बराच वेळ जड लागत राहिला. बाबा खोटं बोलत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आणि मेणबत्तीही खोटं बोलत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे तिला काही केल्या उलगडेना. दसरा जवळ येत होता. श्रावणातल्या त्या रविवारचा पांढरा चेहरा तिला अधूनमधून झोपेत दिसायचा.

मग असं झालं की खाडीत वादळी वारं सुटलं आणि केशरबाई काही दिवस आलीच नाही. मासळी नाही, तंबाखूही नाही. वेणूबाई डबीच्या तळाशी बोट फिरवून कुरकुर करत होती. तव्याला सुट्टी होती. आणि त्याच दिवसांत एका संध्याकाळी ज्योत खुणेच्या एक बोट पुढे विझली. सुचित्राने आनंदाने नवी खूण केली. श्यामसुंदर म्हणाला, बघ, मनावर घेतलं की होतं.

वारं पडलं. केशरबाई आली, पाटीतून बोंबील आणि पदराखालून तंबाखूची जुडी काढली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार पुन्हा बंद झालं, आणि त्यानंतर श्यामसुंदर पाटासमोर बसला तेव्हा ज्योत विझली नाही. नव्या खुणेवर नाही, जुन्या खुणेवरही नाही. त्याला खोकला आला.

सुचित्रा फरशीवरच्या दोन्ही खुणांकडे बघत बसली. एक पुढची, एक मागची. मधल्या दिवसांत काय वेगळं होतं, याचा ती विचार करत होती. जेवण तेच होतं. चालणंही तेच. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या लोखंडी तव्याला हात लावून बघितला. तो अजून कोमट होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार बंद झाल्यावर ती थोडा वेळ बाहेर थांबली. आई गच्चीवर कपडे काढायला गेली होती, मावशीआजी खालच्या कट्ट्यावर बायकांत बसली होती. सुचित्राने दार हळूच ढकललं.

खिडकी बंद होती. स्टोव्ह बारीक आवाज करत होता. श्यामसुंदर पाटावर बसून तव्यावर वाकला होता, एका हाताने उलथनं फिरवत होता. तंबाखूचा जाड निळसर धूर सरळ वर येत होता आणि तो डोळे मिटून, छाती भरून, सावकाश तो आत घेत होता. चेहऱ्यावर अशी शांती होती, जशी सिगारेट सुटल्यापासून सुचित्राने एकदाही पाहिली नव्हती. थकलेला माणूस घरी येऊन खुर्चीत टेकतो तेव्हा दिसते तशी.

त्याने डोळे उघडले. तिला बघितलं. उलथनं थांबलं.

सुचित्रा ओरडली नाही, आईला हाक मारायलाही गेली नाही. तिने आपल्यामागे दार लावून घेतलं, कोपऱ्यातला दुसरा पाट ओढला आणि तव्याच्या दुसऱ्या बाजूला, बाबांच्या समोर, मांडी घालून बसली. मग डोळे मिटले, आणि त्याने घेतला होता तसाच मोठा श्वास घ्यायला छाती फुगवली. धूर घशाला लागताच तिला जोराचा ठसका बसला.

"बाहेर जा, सुचे," श्यामसुंदर म्हणाला. "धूर चांगला नाही."

ठसका आवरून तिने डोळे पुसले. "सिगारेट थोडीच आहे? दात घासायचीच वस्तू आहे ना?"

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं, आणि ते त्याला कळलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग तव्याकडे. तिने पुन्हा श्वास घ्यायला छाती फुगवली, तेवढ्यात त्याने स्टोव्ह बंद केला, तवा फडक्याने धरून मोरीत नेला आणि त्यावर पाणी ओतलं. चर्र झालं. त्याने खिडकी उघडली आणि तिला उचलून खिडकीशी उभं केलं. जड काही उचलायला डॉक्टरांनी मनाई केली होती, ते दोघांनाही नंतर आठवलं.

"पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नव्हतं," तो म्हणाला. "मावशीचे गुडघे दुखत होते, म्हणूनच बसलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं."

सुचित्रा खिडकीतून बाहेर जाणारा धूर बघत राहिली.

"आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हाही माहीत होतं. सिगारेटला शिवलो नाही, हे खरं होतं. पण मला माहीत होतं."

तो खाली बसला. एवढा मोठा माणूस त्या पाटावर फार लहान दिसत होता. सुचित्रा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिने आपला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. शपथेसाठी नाही. त्याने मघापासून मान वर केली नव्हती, म्हणून.

आईला आणि मावशीला श्यामसुंदरने स्वतःच सांगितलं, त्याच संध्याकाळी. वैजयंती म्हणाली, शर्ट हुंगला तेव्हा माझ्या नाकाला कळलं होतं, डोक्यालाच कळलं नाही. वेणूबाईला ते पटेना. तिने चाळीस-पन्नास वर्षं मशेरी लावली होती, तिच्या आईने लावली होती. तंबाखू भाजली की तिची तंबाखू राहत नाही, जळून जातं सगळं वाईट, असं तिचं म्हणणं. पण पोराच्या पोटाची गोष्ट आहे म्हटल्यावर तिने तवा उचलला. मी माझी गच्चीवर भाजीन, म्हणाली, आणि ज्यांना हवी त्यांनी आपापली भाजावी. यशोदाबाई चार दिवस रुसल्या. केशरबाईने मात्र श्यामसुंदरला दारातून नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "आदी बरा हो, भाऊ. सूनला मी शिकवीन." त्या दिवशी तिने वजनाच्या वर चार बोंबील जास्त टाकले.

पुढचे दिवस पहिल्या दिवसांपेक्षाही कठीण गेले, कारण आता कुठलंच दार बंद करता येत नव्हतं. हात खिशाकडे गेला की श्यामसुंदर सुचित्राला हाक मारायचा आणि दोघं बांधावर जायची. तिथे तो बगळ्यांना आता जरा जास्तच नावं ठेवायचा. दसऱ्यानंतर त्यांनी इस्पितळात जाऊन सुनीतीबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी तारीख दिवाळीच्या पुढे ढकलली. रागावल्या नाहीत, म्हणाल्या, हे मला विचारायला सुचलं नव्हतं, आता पुढच्या पेशंटला विचारीन. थांबण्यात धोका होताच, पण घाई केली तर तोही धोका होता.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी बाईंच्या टेबलावर सुचित्राने आपला हात आडवा ठेवला, कोपरापासून मनगटापर्यंत. मेणबत्ती मनगटापाशी ठेवली. ती आता बोटाच्या पेराएवढीच उरली होती. श्यामसुंदरने आ केला. हाऽऽ. ज्योत आडवी झाली, क्षणभर तशीच राहिली, आणि विझली. त्याला खोकला आला नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सर्जनांना तारीख विचारायला गेल्या.

ऑपरेशन झालं. टाके टिकले. गोणी नीट शिवली गेली, असं श्यामसुंदर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, आणि हसायचा मात्र पोटावर उशी दाबून.

तो घरी आल्यावर काही दिवसांनी, दुपारी, वेणूबाई गच्चीवरून खाली आली. एका हातात तवा, दुसऱ्या हातात भरलेली डबी. जिना उतरूनसुद्धा तिला धाप लागली होती. ती दारातच बसली आणि श्वास जुळवत राहिली. सुचित्रा तिच्याकडे बघत होती. मग ती आत गेली, कपाटाच्या वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेला मेणबत्तीचा तुकडा काढला, बशी आणली, पाट आणला.

"हे काय आणि?" वेणूबाईने विचारलं. "माझं कसलं ऑपरेशन आहे?"

सुचित्राने फरशीवरच्या बाबांच्या खुणा ओल्या फडक्याने पुसल्या, मावशीआजीच्या हनुवटीखाली खडूने एक नवी रेघ मारली, आणि काडी ओढली.